दूरचा डॉक्टर, घरातले हात

नागपुरात 'मेडिकल' म्हटले की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि 'मेयो' म्हटले की इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे कोणत्याही ऑटोवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यातल्या सकाळी या दोन्ही ठिकाणच्या रांगांमध्ये डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली सत्तरीतली आई, तिच्या हातात जुन्या चिठ्ठ्यांची प्लास्टिकची पिशवी आणि शेजारी त्या दिवसाची रोजी सोडून आलेला मुलगा किंवा सून, असे चित्र हमखास दिसते. उदाहरण म्हणून अशी एक आई आपण मानेवाड्यात राहते असे समजू. बीपीच्या गोळ्या संपत आल्या आहेत, शुगर तपासून तीन महिने झाले आहेत आणि गेल्या काही दिवसांपासून पायांना मुंग्या येत आहेत, एवढे तिचे काम आहे. डॉक्टरांसमोर ती बसते ती काही मिनिटे, पण घरातून निघून परत येईपर्यंत अर्धा दिवस सरतो आणि परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर आलेले असते.

या कामाचे तुकडे करून पाहिले तर घरपोच प्राथमिक आरोग्यसेवेमागचा सगळा विचार उलगडतो. गोळ्यांची चिठ्ठी पुढे चालू ठेवायला ओळखीच्या डॉक्टरांशी बोलणे पुरेसे असते. बीपी घरी मोजता येते, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे ते घरीच अधिक खरे मोजले जाते. रक्ताचा नमुना घरी येऊन घेता येतो. पायांच्या मुंग्यांचे मात्र तसे नाही. तळव्याची संवेदना तपासायला, बोटांच्या बेचक्यात जखम आहे का ते पाहायला आणि पायाची नाडी चाचपायला जाणकार हात तेथे असावे लागतात. म्हणजे चार कामांपैकी तीन दुरून होऊ शकतात आणि चौथ्यासाठी एकतर आईने जायला हवे, किंवा ते हात तिच्याकडे यायला हवेत.

टेलिमेडिसिन (दुरून दिला जाणारा वैद्यकीय सल्ला) म्हणजे व्हिडिओ कॉल, असा समज आता घट्ट झाला आहे. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी गफलत हीच आहे. कॉल हा फक्त दुवा आहे. उपचार घडतो तो रुग्णाच्या जवळ असलेल्या हातांमुळे, त्या हातांनी नीट घेतलेल्या मोजमापांमुळे आणि मागच्या भेटीशी पुढची भेट जोडणाऱ्या नोंदीमुळे. या तिन्ही गोष्टी असतील तर साध्या फोनवरही चांगले काम होते. त्या नसतील, तर कॅमेरा कितीही स्वच्छ असला तरी डॉक्टरांना अंदाजावर चालावे लागते.

प्राथमिक म्हणजे काय

प्राथमिक आरोग्यसेवा हा शब्द कमी दर्जाची सेवा अशा अर्थाने घेतला जातो, तो चुकीचा आहे. 1978 साली अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने या सेवेची जी मांडणी केली, तिच्यात ही सेवा लोक राहतात आणि काम करतात तिथपर्यंत जितक्या जवळ आणता येईल तितकी जवळ आणावी, अशी स्पष्ट अपेक्षा होती. ताप, खोकला, जुलाब, गरोदरपणातील तपासणी, लसीकरण, रक्तदाब, मधुमेह, म्हातारपणातील दुखणी ही या सेवेची रोजची कामे आहेत. त्यांतल्या बहुतेक कामांना मोठे यंत्र लागत नाही, पण पुन्हा पुन्हा विचारपूस लागते. गोळी चालू आहे का, आकडा कुठे आहे, झोप लागते का, पायावर सूज आहे का, असे छोटे प्रश्न वर्षानुवर्षे कोणीतरी विचारत राहावे लागतात. रुग्णालय हे एकदाच्या मोठ्या कामासाठी उत्तम ठिकाण आहे. सतत चालणारे लहान काम तेथे गर्दीत हरवते.

विदर्भातले जुने उदाहरण

हे सगळे मोबाइलबरोबर आले, असे मानणाऱ्यांनी नागपूरपासून फार लांब नसलेल्या गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकात तेथील 39 गावांमध्ये नवजात बालकांची काळजी घरीच घेण्याची पद्धत राबवली आणि तुलनेसाठी 47 गावे निवडली. प्रत्येक गावातील एका स्त्रीला प्रशिक्षण दिले गेले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि ठरलेल्या नियमांनुसार औषध देणे हे काम ती घरोघरी जाऊन करू लागली. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी झाले होते.

या प्रयोगात डॉक्टर प्रत्येक घरात नव्हता, पण डॉक्टरचे ज्ञान प्रत्येक घरात पोहोचले होते. न्यूमोनियाच्या निदानाचेच पाहा. लहान मूल किती वेगाने श्वास घेते, यावर ते बरेचसे अवलंबून असते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असतील, तर श्वास जलद आहे असे धरतात. ज्या बायकांना शंभरपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी गडचिरोलीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधे श्वासगणक तयार झाले. हे उपकरण मला कोणत्याही महागड्या संचापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ते हाताळणाऱ्या माणसाचा विचार करून घडवलेले होते.

याच पद्धतीचा आधार घेऊन पुढे देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी ठरवण्यात आल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा, आणि घरी झाले असल्यास पहिल्या दिवसाची धरून सात. तेव्हा आपल्या घरी नवे बाळ असताना आशाताई दार वाजवतात, तेव्हा त्या केवळ नोंद भरायला आलेल्या नसतात. आज आपण ज्याला घरपोच उपचार म्हणतो आहोत, त्याचे हेच सर्वांत सिद्ध झालेले रूप आहे.

नियम काय सांगतात

दुरून सल्ला देण्याला भारतात बराच काळ स्पष्ट नियमांचा आधार नव्हता. कोरोनाची टाळेबंदी सुरू होत असतानाच, 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. रुग्णाने त्यांतील चार-पाच गोष्टी माहीत करून घेणे त्याच्याच हिताचे आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. डॉक्टरांनी रुग्णाचे नाव आणि वय यांची खात्री करून घ्यायची असते, आणि समोरचा डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही हे जाणून घेण्याचा हक्क रुग्णालाही असतो. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. संमतीचे सूत्र सोपे आहे : रुग्णाने स्वतः फोन केला असेल तर संमती गृहीत धरली जाते, आणि डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचारी यांनी कॉल लावला असेल तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. मूल अल्पवयीन असेल तर सोबत मोठे माणूस असलेच पाहिजे.

औषधांबाबतचा नियम लोकांना सर्वांत कमी ठाऊक असतो आणि वाद मात्र त्यावरूनच होतात. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे डॉक्टर साध्या फोनवरूनही सुचवू शकतात. काही ठरलेली औषधे पहिल्याच सल्ल्यात देता येतात, पण तो सल्ला व्हिडिओवर झालेला असावा लागतो. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांनी गेल्या सहा महिन्यांत रुग्णाला प्रत्यक्ष तपासले असेल, तर दुरून होणारी भेट पाठपुराव्याची ठरते आणि आधीचे औषध चालू ठेवणे किंवा त्याला जोड देणे शक्य होते. अंमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली येणारी, तसेच अनुसूची एक्समधील (कडक नियंत्रणाखालची) औषधे दुरून सहसा लिहून देता येत नाहीत. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी 'हे औषध फोनवर देणार नाही, येऊन दाखवा' असे सांगितले, तर ती टाळाटाळ समजू नये. नियम त्यांना तसेच सांगतो.

आणखी एक तरतूद आज विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली डॉक्टरांना मदत करू शकते, पण तिने स्वतः रुग्णाला सल्ला देण्यास किंवा औषध लिहून देण्यास या तत्त्वांनुसार परवानगी नाही. निर्णय नोंदणीकृत डॉक्टरांचाच असला पाहिजे.

घरी घेतलेला आकडा

मानेवाड्याच्या आईकडे परत येऊ. तिच्या सुनेने दंडावर बांधायचे बीपीचे यंत्र आणले आहे आणि डॉक्टरांशी दुपारी व्हिडिओवर बोलणे होणार आहे. अशा वेळी बहुतेक घरांत काय होते? कॉल सुरू झाला की धावतपळत यंत्र शोधले जाते, आई स्वयंपाकघरातून येऊन पलंगाच्या काठावर बसते, पाय अधांतरी राहतात, बोलता बोलता पट्टा फुगतो आणि आकडा येतो 158. डॉक्टर गोळी वाढवतात. हा आकडा खोटा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि खोट्या आकड्यावर वाढवलेली गोळी म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरात पाडू शकते.

योग्य पद्धत अवघड नाही, पण ती अंगवळणी पाडावी लागते. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको आणि आपल्या नागपुरात हे वेगळे सांगावेच लागते म्हणून सांगते, खर्राही (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) नको. लघवीला जाऊन यावे. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर असा ठेवावा की दंड हृदयाच्या पातळीवर येईल. हात खाली लोंबकळत राहिला तर आकडा वाढून येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि तो दंडाच्या मापाचा असावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा पुन्हा वाढीव येतो. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. हे सकाळी औषध घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, असे सात दिवस करावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात 140/90 ही जी मर्यादा मानली जाते, तिच्या जागी घरच्या सरासरीसाठी 135/85 ही मर्यादा धरतात.

आठवडाभराची ही वही दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा डॉक्टरांना बरेच काही सांगते. काही जणांचे बीपी पांढरा कोट पाहिला की वाढते आणि काहींचे दवाखान्यात बरोबर येते पण घरी जास्त असते. ही दोन्ही माणसे फक्त घरच्या वहीतच सापडतात.

शुगरच्या बाबतीत सापळा वेगळा आहे. बोटाला टोचून यंत्रावर तपासताना हात साबणाने धुऊन कोरडे करणे ही पायरी गाळली जाते. संत्रे सोलून त्याच बोटातून थेंब काढला, तर सालीवरची आणि रसातली साखर थेंबात मिसळते आणि यंत्र खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आकडा दाखवते. संत्र्यांच्या शहरात ही चूक किती सहज होऊ शकते, याचा विचार करावा. केवळ सॅनिटायझर लावून ही साखर खात्रीने निघत नाही, पाणीच लागते. टोचताना बोटाच्या टोकावर मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचावे, तेथे दुखते कमी. आकडा 70 च्या खाली आला आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग डॉक्टरांना फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, तेव्हाही नागपूरच्या उन्हाळ्याची आठवण ठेवावी लागते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर वापरतच राहतात, त्यामुळे उष्णतेत दुचाकीच्या डिकीत दोन तास फिरलेला नमुना शुगर कमी दाखवू शकतो. शुगरसाठी फ्लोराइड घातलेली, सहसा करड्या बुचाची नळी वापरतात ती ही झीज रोखण्यासाठी. नमुना थंड पेटीत जातो आहे ना आणि तो किती वेळात पोहोचणार आहे, एवढे दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. इन्सुलिनचेही तसेच. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची असते, ती बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठवायची नसते. वापरातली कुपी साधारणपणे खोलीच्या तापमानात चालते खरी, पण ही सवलत 25 ते 30 अंशांच्या खोलीला लागू आहे, मे महिन्यातल्या पत्र्याच्या छताखालच्या खोलीला नाही. ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज जाते, तेथे ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते. त्यात इन्सुलिन बंद डबीत ठेवतात.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल थोडक्यात : हात गरम असावा, नखावर रंग किंवा गडद मेंदी नसावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. एकदम खाली आलेला आकडा पाहून घाबरण्याआधी दुसऱ्या बोटावर लावून पाहावे, पण माणसाला धाप लागली असेल तर आकडा चांगला दिसतो म्हणून निश्चिंत राहू नये.

कॅमेऱ्यातून काय दिसते

अनुभवी डॉक्टरांना व्हिडिओवरही बरेच काही कळते. माणूस एक वाक्य सलग बोलू शकतो की मध्ये थांबून श्वास घेतो, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलतो का, चालताना तोल जातो का, मूल खेळते आहे की मलूल पडले आहे, पुरळ कसे आहे, हे सगळे दिसते. घर दिसते, ही आणखी एक जमेची बाजू. औषधांचा डबा कॅमेऱ्यासमोर उलटा करायला सांगितला की एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघतात. मीठ टाळतो म्हणणाऱ्यांच्या जेवणात पापड, सांडगे आणि लोणचे रोज असते. दवाखान्यात हे कधीच बाहेर येत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींची यादीही तेवढीच ठाम आहे. पोट दाबून पाहणे, छातीचे ठोके ऐकणे, गाठ हाताने चाचपणे, कानात डोकावणे या गोष्टी कॅमेरा करत नाही. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातील पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण मोबाइलच्या उजेडात पाहून 'काही नाही' असे म्हणणे धोक्याचे आहे. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर दंतवैद्याकडे किंवा रुग्णालयात प्रत्यक्षच गेले पाहिजे.

म्हणूनच एक मधला मार्ग सर्वांत उपयुक्त ठरतो : डॉक्टर दूर, पण रुग्णाजवळ प्रशिक्षित परिचारिका किंवा आरोग्य कर्मचारी. ती पोट चाचपते, पायाची नाडी पाहते, डिजिटल स्टेथोस्कोप छातीवर ठेवते आणि आवाज डॉक्टरांपर्यंत पोहोचवते. मानेवाड्याच्या आईच्या मुंग्यांचा प्रश्न असा घरच्या घरी बराचसा सुटू शकतो. परिचारिका नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर ठराविक ठिकाणी टेकवते, आई डोळे मिटून 'लागले' किंवा 'नाही' सांगते आणि डॉक्टर पडद्यावर पाहून ठरवतात की आता फक्त पायांची काळजी शिकवायची की पुढे पाठवायचे.

सरकारी व्यवस्थेत हेच सूत्र ई-संजीवनीत वापरले आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या मोहाली केंद्राने विकसित केलेली ही सेवा 2019 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि घरून थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोय एप्रिल 2020 मध्ये आली. फेब्रुवारी 2023 पर्यंत तिच्यावरून 10 कोटी सल्ले झाले होते. रामटेक किंवा भिवापूर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, सामुदायिक आरोग्य अधिकारी रुग्णाला तपासून समोर बसवतात आणि पलीकडे डॉक्टर असतात. रुग्णाजवळ माणूस असलेली ही पद्धत मला एकट्या रुग्णाने मोबाइल धरण्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

फोन ठेवून निघायचे केव्हा

छातीत दाबल्यासारखे दुखणे, दम लागून बोलता न येणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, झटके, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश, गरोदरपणात रक्त जाणे किंवा तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी येणे : यांपैकी काहीही असेल तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. त्यामुळे माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवणे हे नातेवाइकाचे सर्वांत मोलाचे काम असते. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते. ऑक्टोबर 2022 मध्ये ही सेवा सुरू झाली.

विदर्भाचे दोन खास प्रश्न

सिकलसेल हा आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि घरपोच पाठपुरावा त्याच्या रुग्णांइतका क्वचितच कोणाला उपयोगी पडत असेल. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. अंगातले पाणी कमी झाले की हा त्रास वाढतो, म्हणजे नागपूरचा उन्हाळा या मुलांसाठी दुहेरी संकट आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध चालू असेल तर ठरलेल्या अंतराने रक्तपेशी मोजाव्या लागतात. हे नमुने घरी घेता येतात, औषधाची मात्रा डॉक्टर दुरून सांभाळू शकतात आणि पाणी किती प्यायले हे आईला फोन करून विचारता येते. पण सिकलसेलच्या मुलाला 101 अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला, छातीत दुखू लागले, धाप लागली, मूल एकाएकी पांढरे पडले किंवा पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा जाणवला, तर ते दुरून सांभाळायचे दुखणे राहत नाही.

दुसरा प्रश्न उन्हाळ्यातल्या बीपीचा. तापमान 45 अंशांच्या आसपास गेले की कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचे बीपी उभे राहताच घसरते. थंडीत बरोबर असलेली मात्रा मे महिन्यात जास्त होऊ शकते. याचा पत्ता घरच्या वहीतूनच लागतो : बसून एकदा आणि उभे राहून मिनिटाभराने एकदा मोजले की घसरण दिसते. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण काही गोळ्या एकदम थांबवल्याने बीपी उसळून येते.

पैसा, फोन आणि आडोसा

घरपोच सेवेच्या खर्चाचा विचार कुटुंबाने आधीच करावा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड, आणि 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता मिळू लागलेले कार्डही, रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, घरी येणारी परिचारिका, डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला यांचा खर्च त्यातून निघत नाही. ज्या काळजीमुळे भरती होणे टळते त्याच काळजीला आधार नाही, ही मला या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव वाटते. सरकारी दवाखान्यातील सेवा आणि ई-संजीवनीचा सल्ला मोफत असतो, हे त्यातल्या त्यात बरे. आशाताई 30 वर्षांवरील व्यक्तींची जी माहिती भरून घेतात, तिच्यातून बीपी, मधुमेह आणि काही कर्करोगांच्या तपासणीसाठी माणसे पुढे पाठवली जातात, तेव्हा ती माहिती भरताना तंबाखूबद्दल खरे सांगावे.

फोन कोणाचा, हा प्रश्नही साधा नाही. अनेक घरांत स्मार्टफोन मुलाकडे असतो आणि तो दिवसभर कामावर असतो. सुनेला पाळीचा त्रास सांगायचा असतो आणि फोन सासऱ्यांच्या हातात असतो. म्हातारपणी लघवीवरचा ताबा सुटतो, ही गोष्ट आई मुलासमोर कॅमेऱ्यात बोलत नाही. डॉक्टरांनी कॉलच्या सुरुवातीला खोलीत कोण आहे ते विचारावे, आणि घरच्यांनी दोन मिनिटे बाहेर जाऊन दार लोटून घ्यावे. ज्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलता आले नाही, त्याची चिठ्ठी चुकण्याचीच शक्यता जास्त. रिपोर्टचे फोटो नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकण्याची सवयही सोडायला हवी.

आता त्या प्लास्टिकच्या पिशवीचे काय करायचे ते सांगते. एक शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावे, मात्रा व वेळ लिहावी. दुसऱ्या पानावर ओळखीच्या डॉक्टरांचा, आशाताईंचा आणि जवळच्या ऑटोवाल्याचा क्रमांक. तिसऱ्या पानापासून तारीख घालून आकडे, आणि दर भेटीनंतर डॉक्टर काय म्हणाले ते एका ओळीत. गोळी बदलली तर जुन्या गोळीवर रेघ मारून बाजूला तारीख टाकावी, खोडून टाकू नये. चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) काढला असेल तर तोही पहिल्या पानावर असावा, कारण रिपोर्ट त्याला जोडलेले असतील तर तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांनाही पाहता येतात. कॉल संपण्यापूर्वी सुनेने डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून वहीत उतरवाव्यात : कोणता आकडा आला तर आजच कळवायचे, काय झाले तर फोन न करता थेट निघायचे, आणि आईला प्रत्यक्ष दाखवायला पुढच्या वेळी कोणत्या तारखेला आणायचे.